संध्याकाळचे पाच चाळीस

सकाळी शाळेआधी स्पिरिटच्या बोळ्याने तिने मुलीच्या छातीवरची जागा पुसली, ती वाळेपर्यंत मनात दहा आकडे मोजले आणि डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, ती पट्टी दाबून धरली. पट्टी म्हणजे कोटाच्या मोठ्या बटणाएवढी पांढरी चकती, भोवती चिकट कापडाची कड.

"गार आहे," मुलगी म्हणाली.

"होईल गरम. हलू नकोस."

"आत्या, बघ. मला बटण लावलं."

आत्या दारातच उभी होती. तिने पाहिलं, पण लगेच बोलता येईना, कारण दातांत दाभण धरलेला होता. तो काढून तिने अंगावरच्या जाड एप्रनला टोचला.

"अजून किती दिवस पोरीला हे चिकटवायचं?"

"तीन आठवडे. आज तिसरा दिवस. नर्सनं सांगितलंय तुम्हाला."

"नर्स मला काही सांगत नाही. ती तुझ्याशी बोलते. मी फक्त पोरीला दिवसभर सांभाळते."

पट्टीवरून अंगठा फिरवून भिंगरीच्या आईने कडा नीट बसवल्या, फोनवर हिरवा ठिपका आल्याची खात्री केली आणि मुलीला सदरा घातला. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती सरळ अशी कधी चाललीच नव्हती. आता सहा वर्षांची होती. दोन वर्षांपासून दमा होता, आणि या वर्षात तीनदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तिसऱ्या वेळी तिचे ओठ जांभळे झाले होते. ते ओठ भिंगरीच्या आईला दात घासताना, बसमध्ये बसल्यावर, कुठेही आठवत.

पट्टी श्वास ऐकत होती. मिनिटाला किती श्वास, किती वेळा खोकला, छातीत घरघर आहे का, असेल तर किती; सगळं मोजून ती फोनला कळवत होती, आणि फोन त्याची रेघ काढत होता. मुलांच्या दवाखान्याने अशा चाळीस पट्ट्या चाळीस घरांत दिल्या होत्या. बाकीच्या एकोणचाळीस घरांत त्या कशासाठी होत्या कोण जाणे. या घरात ती निवाड्यासाठी होती.

घर बहीण-भावाचं. पुढची मोठी खोली बहिणीची, मागच्या दोन भावाच्या संसाराच्या. पुढच्या खोलीत नणंद गाद्या, उशा, सोफ्याच्या बैठका उसवून पुन्हा भरायचं काम करायची. वीस वर्षांचं काम, हात असा की लांबून लोक यायचे. एका कोपऱ्यात नवा कापूस, दुसऱ्यात उसवलेला जुना, मध्ये शिवणयंत्र. खिडकीतून ऊन आलं की हवेत तंतू तरंगताना दिसायचे. शाळा साडेबाराला सुटायची. तेव्हापासून आई येईपर्यंत भिंगरी त्याच खोलीत असायची.

"हा कापूस हलवा, किंवा पोरीला हलवा," असं भिंगरीची आई नवऱ्याला वर्षभर सांगत होती. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. घरात वाद सुरू झाला की स्वतःचा चष्मा काढून पुसायचा आणि तो पुसून होईपर्यंत त्याला कोणीच दिसायचं नाही. शेवटी एकदा तो म्हणाला होता, "ताईला तिच्याच घरातून जा म्हणायचं, तर काहीतरी पुरावा तरी पाहिजे ना."

तेव्हा ताई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "यंत्रानं सांगितलं तर जाईन. हिच्या सांगण्यावरून नाही."

तर पुरावा आता छातीवर चिकटून शाळेत निघाला होता.

*

भिंगरीची आई औषधं तपासणाऱ्या एका संस्थेत, तिथल्या प्राणिगृहात नोकरी करायची. अठराशे पांढरे उंदीर तिच्या देखरेखीखाली होते. विज्ञानाची पदवी घेऊन उंदीर सांभाळते, असं नणंद गिऱ्हाइकांना सांगायची. पण ते काम सोपं नव्हतं. रोज सकाळी आत जाण्याआधी डोक्यावरून आंघोळ करायची, वाफेवर निर्जंतुक केलेले कपडे, टोपी, मोजे चढवायचे, दोन दारं एकामागून एक उघडायची, आणि मग आत. माणसाच्या अंगावरचा एकही जंतू उंदरांपर्यंत जाता कामा नये. दुपारी तीननंतर ते कपडे उतरवून, स्वतःचे घालून ती पलीकडच्या धुण्याच्या खोलीत जायची. तिथे मळलेल्या पिंजऱ्यांतला भुसा पिंपात उपसायचा असे. ते खरं तर तिचं काम नव्हतं, पण माणसं कमी होती आणि पिंजरे धुतले गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशीचं सगळंच अडायचं. त्या खोलीत टोपी नाही, आंघोळ नाही. पुढे बांधायला प्लास्टिकचं एप्रन आणि पायात गमबूट. सांभाळायला तिथे उंदीर नव्हते, मग नियम कशाला.

फोन आत नेता येत नसे. दुपारच्या सुट्टीत ती कपाटातून तो काढायची आणि डबा उघडण्याआधी रेघ बघायची.

पहिल्याच आठवड्यात रेघेचं वळण तिच्या लक्षात आलं. सकाळ सपाट. दुपार जवळजवळ सपाट. आणि संध्याकाळी, पावणेसहा-सहाच्या सुमाराला, चढ. मग दम्याच्या पंपाचे दोन फवारे, मग हळूहळू उतार. कधी तो उतार झोपेपर्यंत पुरा व्हायचा नाही आणि रात्रीही घरघर चालू राहायची. याचा अर्थ तिने लावला. पाच तास कापसात बसल्यावर धूळ छातीत साचत जाते, आणि दिवसअखेर ती उफाळते. मात्रा आणि परिणाम. रविवारी रेघ दिवसभर आडवी पडली तेव्हा तर तिने नवऱ्यापुढे फोनच ठेवला.

"बघ. रविवार. ताईंचं काम बंद."

नवऱ्याने चष्मा काढला.

त्याच आठवड्यात, रविवारच्या आधी, गुरुवारचं प्रकरण झालं होतं. दुपारी कपाटाशी उभं राहून ती रेघ बघत होती आणि आकडे काही पटेनात. ताजे आकडे मिनिटाला चौदा श्वासांचे होते. ते चौदावरच राहिले. खोकला शून्य. संध्याकाळी पाच चाळीसला ती घरात शिरली, भिंगरी नेहमीसारखी धावत येऊन गळ्यात पडली, तिला कडेवर तशीच ठेवून ती पुढच्या खोलीत गेली.

"आज दुपारी एक ते अडीच पट्टी कोणाच्या अंगावर होती?"

नणंद गादीच्या काठाला टाके घालत होती. मान वर केली नाही. "पट्टीलाच विचार. तिला सगळं कळतं म्हणतेस."

"मिनिटाला चौदा श्वास. सहा वर्षांची मुलगी चौदा श्वास घेत नाही. मोठं माणूस घेतं."

"मग मी घेतले. घेऊ नको का?"

"मी डॉक्टर झाले होते," भिंगरी तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. "आत्याला दमा झाला होता. मी बरं केलं."

"चोरी लपवायला सहा वर्षांच्या पोरीला पुढे करता, ताई?"

"चोरी?" दाभण कापडात तसाच राहिला. "पोरगी म्हणाली, आत्या तू आजारी पड. पडले. दीड तास जमिनीवर आडवी होते, एक बैठक तशीच राहिली माझी. लबाडी करायची अक्कल असती ना मला, तर तुझ्याआधी त्या फोनमध्ये शिरले असते."

"म्हणजे तेवढा वेळ हिला खोकला आला की नाही, हे कोणालाच कळणार नाही. तुम्हाला तेच हवं होतं."

"सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणजे काय, ते तुझ्याकडून शिकावं."

भिंगरी खोकली. एकदा, मग पुन्हा. छातीत ती बारीक शीळ वाजायला लागली. भिंगरीच्या आईने कापसाच्या ढिगाकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि मुलीला उचलून आत पंपाकडे नेलं. आत जाताना तिला एक प्रकारचं समाधान वाटत होतं. ते ओळखून तिने ओठ घट्ट मिटले.

*

दुसऱ्या आठवड्यात तिने मंगळवार ते शनिवार रजा काढली.

शाळा सुटायच्या वेळेला तिने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून पुढच्या खोलीत भिंतीशी मांडली आणि फोन मांडीवर घेऊन बसली. नणंदेने खुर्चीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काम सुरू केलं. एक गिऱ्हाईक उशा न्यायला आलं. त्याने विचारलं, या कोण?

"पहारेकरी," नणंद म्हणाली. "कापूस पळून जाऊ नये म्हणून."

मंगळवारी संध्याकाळी थोडी घरघर झाली, पंपाशिवाय थांबली. बुधवारी काहीच झालं नाही. पाच चाळीस झाले, सहा झाले, साडेसहा झाले. भिंगरी जमिनीवर बसून चिंध्यांच्या बाहुल्या बांधत होती. रेघ आडवी. भिंगरीच्या आईने फोन बंद करून चालू केला. पट्टीची कड दाबून पाहिली.

"दुखतंय," भिंगरी म्हणाली.

गुरुवारी नणंदेने एक जुनी गादी मुद्दाम खोलीच्या मधोमध ओढली. बारा वर्षांची गादी. आतला कापूस दगडासारखा झालेला. एरवी ती असलं काम भिंगरी शाळेत असताना, मागच्या अंगणात करायची. आज तिने दुपारी दोनला, खिडकी बंद करून, गादी उसवली आणि काठीने झोडायला लागली.

"घे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. पोटभर बघ."

धूळ उन्हाच्या पट्ट्यात उभी राहिली. भिंगरीला वाटलं हा खेळच आहे. ती धावली आणि कापसाच्या ढिगात उडी मारली, पुन्हा उठली, पुन्हा मारली. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस.

भिंगरीची आई खुर्चीतून अर्धी उठली. मग बसली. फोन हातात होता. तिने मुलीला हाक मारली नाही. आकड्यांकडे बघत राहिली: सव्वीस, अठ्ठावीस, एकतीस. ढिगात उड्या मारल्यावर कोणाचेही होतील. ती खोकल्याची वाट पाहत होती. हे तिला कळत होतं, आणि तरी ती वाट पाहत होती.

नणंदेची काठी मध्येच थांबली. ती भिंगरीच्या आईकडे बघत होती.

"थांबव ना तिला," नणंद हळूच म्हणाली.

भिंगरीच्या आईची नजर आकड्यांवरच होती.

नणंदेने काठी टाकली, स्वतःच मुलीला ढिगातून उचलून बाहेर काढलं, ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं आणि खिडकी उघडली. आकडे उतरले. सव्वीस, तेवीस, एकवीस. संध्याकाळपर्यंत रेघ आडवी होती. शुक्रवारीही. शनिवारीही.

शनिवारी जेवताना नवरा म्हणाला, "तू घरी असलीस की बरी असते ती. लेकराला आई लागते. एवढंच असेल."

तो समजूत घालत होता, पण नणंदेने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे इतके दिवस कापूस होता, आता मीच झाले. माझ्याजवळ राहून पोर आजारी पडते."

"तसं नाही गं ताई."

"तसंच आहे. पाच दिवस चोरासारखी हिच्या नजरेखाली बसले. वीस वर्षांत कोणी माझा टाका मोजला नव्हता, हिनं माझा श्वास मोजला. पुरे झालं. यंत्र काहीही म्हणो, मी जागा बघते. मी गेले की सुंठीवाचून खोकला गेला म्हणा सगळे."

भिंगरीच्या आईने पाण्याचा पेला उचलला आणि प्यायली. त्यात पाणी नव्हतं.

*

सोमवारी ती कामावर गेली. रजेत पिंजरे तुंबले होते. तीन ते पाच तिने भुसा उपसला, बत्तीस पिंजरे एकटीने. संध्याकाळी पाच चाळीसला दाराला किल्ली लावली.

शेजारच्या दारातून भिंगरी पळत आली. पाच दिवसांची सवय मोडल्यामुळे जरा जास्तच जोरात आली, दोन्ही हात गळ्यात टाकले, केसांत तोंड खुपसलं आणि तशीच लटकून राहिली. तिला घेऊन ती मागच्या खोलीत पलंगावर बसली. पुढच्या खोलीला कुलूप होतं. नणंद जागा बघायला गेली होती आणि दिवसभर काम बंद होतं. दुपारी भिंगरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं.

पाच पन्नासला भिंगरी खोकली.

पाच पंचावन्नला शीळ ऐकू आली. पट्टीची गरज नव्हती. छाती तिच्या छातीला टेकलेली होती. तरी तिने फोन पाहिला. रेघ उठत होती. तिच्या डोळ्यांसमोर, एकेका श्वासाने.

तिने पंप दिला. भिंगरीने सवयीने श्वास रोखून बोटांवर दहा मोजले. मग तिला पलीकडच्या उशीवर टेकवून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी जाऊन उभी राहिली, आणि मागचे सगळे दिवस उघडले.

दर वेळी चढ पाच चाळीसच्या नंतर होता. कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा. एकदा, दुसऱ्या सोमवारी, सहा पंचवीसला होता. त्या दिवशी बस चुकून तिला घरी यायला सहा दहा झाले होते. रविवारी चढ नव्हता. रविवारी नणंदेचं काम बंद असायचं, आणि तिचंही. रजेच्या दिवसांत, पहिल्या मंगळवारची थोडी घरघर सोडली, तर चढ नव्हता. घर तेच, कापूस तोच, मुद्दाम झोडलेलासुद्धा. या सगळ्यात एकच गोष्ट बदलली होती, आणि ती दाराशी उभी होती.

ती शिकलेली होती. प्रयोग म्हणजे काय हे तिला माहीत होतं: एक सोडून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. तो प्रयोग तिने पाच दिवस खुर्चीत बसून, दुसऱ्याच कोणाला पकडण्यासाठी, चोख केला होता.

उंदरांच्या मुतातलं एक प्रथिन वाळून भुशाच्या धुळीबरोबर उडतं, हे तिला पाठ होतं. नव्या माणसांना ते तीच शिकवायची. कामगारांना शिंका येतात, डोळे चुरचुरतात, म्हणून. धूळ केसांत बसते, कपड्यांवर बसते. केस घरी येतात.

"आई, इकडे ये ना," भिंगरी पलंगावरून म्हणाली.

"थांब. हात-पाय धुऊन येते."

तिने हात-पाय धुतले नाहीत, डोक्यावरून आंघोळ केली. कपडे पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. उशांचे अभ्रे काढले. चादर काढली. हे सगळं नवरा येण्याआधी उरकलं. तो आल्यावर त्याने विचारलं, "काय, आज एवढी धुणी?"

"मळली होती," ती म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी सुटताना तिने प्राणिगृहाच्या न्हाणीत पुन्हा आंघोळ केली आणि घरून नेलेले दुसरे कपडे घातले. बरोबरीची बाई हसली. "ही उलटी आंघोळ कशाला? उंदीर तर मागे राहिले." ती केस पुसत राहिली. घरी भिंगरी गळ्यात पडली. तिने श्वास रोखून धरला. मुलीचा नव्हे, स्वतःचा. पावणेसहा. सहा. सव्वासहा. रेघ आडवी.

बुधवारीही आडवी. बुधवारी ती घरी पोचून दारातच उभी होती, तेवढ्यात नणंद समोरून आली. उन्हातून चालून चेहरा लाल झाला होता. हातात नव्या जागेची किल्ली होती. पुलापलीकडे, बाजाराच्या मागे, एका मेकॅनिकच्या वरची खोली. राहायलाही तिथेच.

"आणली," नणंद म्हणाली. "शनिवारी टेम्पो सांगितलाय."

भिंगरीच्या आईने आत जाऊन पाणी आणलं. नणंदेने ते उभ्यानेच घेतलं. ती पाणी पीत होती तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं, दोन दिवसांपासून. त्या वाक्यामागे दुसरं होतं, नोकरीचं. अकरा वर्षांची नोकरी, संसारातली एकच जागा जिथे तिला कोणी अमक्याची सून, तमक्याची वहिनी म्हणत नव्हतं. आणि त्याच्याही मागे गल्लीतले सगळे चेहरे, ज्यांना तिने कापसाबद्दल सांगून ठेवलं होतं. ती तोंड उघडणार होती.

नणंदेने पेला परत दिला. "जिंकलीस," ती म्हणाली. "आता शाळेतून पोरीला कोण आणणार, ते तुझ्या त्या बटणाला विचार."

भिंगरीच्या आईने पेला घेतला आणि आत जाऊन धुतला.

*

शनिवारी सकाळी टेम्पो दाराशी लागला. हमाल दोघे होते. गाठोडी निघाली, मग फळ्या, मग कापसाची पोती. भिंगरी टेम्पोत चढून पोत्यावर बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. कोणी आत्याला न्यायला आलं तर आपल्यालाही न्यावं लागेल, असा तिचा हिशेब असावा.

नर्स पट्टी परत न्यायला आली ती याच गडबडीत. तरुण, घाईची बाई. पुढच्या खोलीत उरलेल्या एकुलत्या स्टुलावर बसून तिने मांडीवर आपलं यंत्र उघडलं आणि तीन आठवड्यांची रेघ एका बोटाने सरकवायला लागली. नवरा तिच्या मागे उभा राहिला. नणंद शिवणयंत्राला पोतं गुंडाळत होती.

"छान आहे की," नर्स म्हणाली. "या मंगळवारपासून घरघर नाहीच. रात्रीसुद्धा नाही. चार दिवस सलग. काय बदललंत घरात?"

नवऱ्याने घसा साफ केला. "ताईचं कापसाचं काम होतं इथे. ते आता हलवतोय."

"कधी हलवलंत?"

"आत्ता. आज."

"मग आजच्यानं मंगळवारी फरक कसा पडेल?" नर्सने बोट मागे नेलं. "मंगळवारी काय झालं? त्याआधी हा सोमवारचा चढ आहे ना, त्यानंतर एकदम बंद. घरात काहीतरी बदललं असणार."

पोत्याची दोरी आवळण्याचा आवाज थांबला. नवऱ्याचा हात चष्म्याकडे गेला. बाहेर हमाल एकमेकांना फळी तिरकी धरायला सांगत होते.

काही नाही, असं म्हणता येत होतं. रेघेला कारण लिहिता येत नाही.

"घरात नाही बदललं," भिंगरीची आई म्हणाली. "मी कामावरून आंघोळ करून येते. मंगळवारपासून."

"बरं? काम काय करता?"

तिने सांगितलं. प्राणिगृह, भुसा, केस, पाच चाळीस. ती नव्या माणसांना शिकवताना बोलायची तशी, क्रमाने आणि काही न गाळता बोलली, आणि बोलताना भिंतीवर, काढलेल्या फळ्यांच्या जागी उमटलेल्या चौकोनाकडे बघत राहिली. नर्स भराभर लिहीत होती. रक्ताची एक चाचणी करावी लागेल म्हणाली, संस्थेच्या डॉक्टरांचं पत्र लागेल, बदली मिळते का बघा म्हणाली. मग भिंगरीला टेम्पोवरच गाठून तिने पट्टी काढून घेतली. छातीवर गोल, फिकट डाग राहिला होता. नर्स गेली.

नवऱ्याने चष्मा पुसला, घातला, आणि पुन्हा काढला.

"कधी कळलं तुला?" नणंदेने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"सोमवारी."

"सोमवारी कधी?"

"पाच पंचावन्नला."

नणंदेने मान हलवली, जणू माप घेत होती. "बुधवारी मी किल्ली घेऊन आले, तेव्हा तू दारात होतीस."

"हो."

"पाणी दिलंस मला."

"हो."

नणंदेने एप्रनच्या गाठी सोडून ते काढलं, घडी केलं, शिवणयंत्रावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. टेम्पोतून भिंगरीने तिला हाक मारली. तिने हात हलवला, पण उठली नाही.

हमाल आत आला. कपाळावरचा घाम बाहीला पुसून त्याने शिवणयंत्राला हात लावला आणि वजनाचा अंदाज घेतला.

"बाई, हे शेवटचं ना? चढवू?"

"मला नका विचारू," पायरीवरून, मागे न बघता, नणंद म्हणाली. "त्यांना विचारा."

हमालाने यंत्रावरचा हात तसाच ठेवून भिंगरीच्या आईकडे पाहिलं.